ताशी शहाण्णवचे सासरे

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांनाच वेगाची नोटीस यावी, हीच मुळात गंमत. त्यात ते निघाले होते वेगमर्यादेवरचा वर्ग घ्यायला. उशीर झाला म्हणून साठच्या रस्त्यावर ताशी शहाण्णव! वर्षातली ही तिसरी नोटीस. आता लायसन्स जाणार, त्यापाठोपाठ शिकवण्याचा परवानाही, आणि मास्तरांना दुसरं काही म्हणजे काही येत नव्हतं.

कॅमेऱ्याने फोटो मागून काढला होता. त्यात नंबरप्लेट दिसत होती, मास्तर नाहीत. सोबतच्या कागदावर विचारलं होतं, गाडी कोण चालवत होतं? मास्तरांची नजर सासऱ्यांकडे वळली. त्यांचं लायसन्स कोरं करकरीत होतं, कारण काटा चाळीसच्या पुढे गेलेला त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. सायकलवाले त्यांना घंटी वाजवून मागे टाकत.

"बाबा, एक सही हवी होती. तुमची पहिलीच वेळ, दंडावर भागेल."

"शहाण्णव?" सासऱ्यांनी चष्मा पुसला. "मी?" आणि झोकात सही ठोकली.

आठवड्याभराने दोघांनाही परिवहन कार्यालयात बोलावणं आलं. अधिकारी बाई समजूतदार होत्या. "आजोबा, चुकून पाय पडला असेल ना? तसं लिहून मोकळे होऊ."

मास्तरांनी जोरात मान डोलावली. सासऱ्यांना मात्र ते झोंबलं. अख्ख्या घराने जन्मभर कासव म्हणून चिडवलेला माणूस तो.

"चुकून? मी रोज असाच जातो. शाळेसमोरून तर शंभरने!"

बाईंचं पेन थांबलं. "शाळेसमोरून?"

"एका हाताने."

मास्तरांनी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला, पण व्यर्थ. बाईंनी दंडाचा कागद बाजूला सारून दुसरा, चांगला जाडजूड काढला. "मग हे दंडावर भागायचं नाही. जाणूनबुजून लोकांचे जीव धोक्यात घातलेत. खटला उभा राहील, कोठडीही होऊ शकते."

सासरे ताठ बसून राहिले, पण स्वच्छ चष्मा परत परत पुसू लागले. ते पाहून मास्तरांना स्वतःची लाज वाटली.

"थांबा बाई. गाडी मी चालवत होतो. यांना मीच सही करायला लावली."

"ऐकू नका त्यांचं," सासरे गहिवरून म्हणाले. "गुणी जावई आहे. मला वाचवायला बघतोय."

"ते दिसतंच आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या मुलाला यांनीच गाडी शिकवली. पन्नासच्या वर जाऊ देत नव्हते. मास्तर, तुमचं प्रेम कळतं मला, पण इथे खोटं सांगणं हासुद्धा गुन्हा आहे."

"खोटं नाही हो! शपथेवर सांगतो."

"शपथेवर?" बाईंनी उसासा टाकला आणि तसलाच आणखी एक जाड कागद काढला. "मग माझाही इलाज नाही. खोट्या शपथेचा खटला तुमच्यावर."

सासऱ्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. पोटच्या पोरानेही एवढं केलं नसतं, असं ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले. मास्तरांना रडू फुटायचंच बाकी होतं.

"घाबरू नका, तुमच्या लायसन्सला धक्का नाही," बाईंनी धीर दिला. "वेगाची तक्रार तुमच्यावर नाहीच मुळी. शिकवण्याच्या परवान्याचं मात्र खटल्याच्या निकालानंतर बघू."