ढब्बूला कुठे ठेवायचं?

इलाची नोकरी गेली त्याला एक्कावन्न दिवस झाले होते. व्हिसाच्या नियमाप्रमाणे साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळाली नाही, तर अमेरिका सोडायची. नागपूरचं तिकीट काढून झालं होतं. सनीव्हेलच्या अपार्टमेंटमधला सोफाही विकला गेला होता. राहिला होता ढब्बू, तिचा साठ किलोचा काळा न्यूफाउंडलंड कुत्रा.

"एसी लावू गं त्याला," आई फोनवर म्हणाली.

व्हेटने मात्र साफ सांगितलं होतं. एवढ्या दाट केसांचा जीव नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीत हाल हाल होऊन जाईल.

रिकाम्या घरात ढब्बू या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालायचा. त्याच्यामागे इला. तिला एका जागी बसवेना.

शेवटी ती त्याला घेऊन हाफ मून बे या गावी अरुणकाकांकडे गेली. काका आईचे कॉलेजमधले मित्र, रिटायर्ड डॉक्टर. काकू गेल्यापासून समुद्राकाठी एकटेच राहायचे.

"पंचाहत्तरीत हे धूड मला झेपणार आहे का?" दारातच ते म्हणाले. "हो, वाचलंय मी सगळं. कोळ्यांच्या होड्यांवर असायचे हे कुत्रे. जाळी ओढायचे, बुडणाऱ्याला काठावर आणायचे. पण मी कुठे बुडतोय?"

"काका, फक्त बीचवर चक्कर मारू. नाही जमलं तर कॅन्सल."

बीचवर वारा सुटला होता. काकांची टोपी उडून पाण्यात पडली. ती घ्यायला ते गुडघाभर पाण्यात शिरले, इतक्यात इलाच्या हातातला पट्टा सटकला. ढब्बूने झेप घेतली, काकांचं मनगट अलगद तोंडात धरलं आणि मागे ओढायला लागला. काका धपकन लाटेत बसले. तरी त्याने सोडलं नाही. थेट कोरड्या वाळूवर आणूनच थांबला.

"सॉरी, काका! लागलं का?" इला धावली.

काकांनी मनगट निरखून पाहिलं. साधा ओरखडाही नव्हता. मग ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"तीन वर्षांत मला कोणी हात धरून काठावर आणलं नव्हतं," ते म्हणाले.

इलाला बरं वाटायला हवं होतं. पण तिने ढब्बूचा पट्टा उचलून स्वतःच्या मनगटाला दोनदा गुंडाळला. आजवर तिला वाटायचं, ढब्बू फक्त तिलाच असा ओढतो.

संध्याकाळी ढब्बूला काकांकडे ठेवून ती निघाली. पहिल्याच सिग्नलला तिने काकांना फोन लावला.

"खाल्लं का त्याने?"

"नाही. दाराशी बसलाय."

वीस मिनिटांनी पुन्हा. "दाराशीच?"

"हो गं."

घरी पोचून तिसऱ्यांदा. बॅग उघडी पडली होती, तिच्यात काहीच भरलं जात नव्हतं.

"आता माझ्या पायावर डोकं ठेवून झोपलाय," काका हळूच म्हणाले. "पाय बधिर झालाय, पण हलवत नाही मी. तू आता फोन करू नकोस. रिंगने उठतो तो."