एकविसाव्या पानावरच्या खुणा

“ताई, ह्या दोन कपाटांना आता कुलूप कशाला लावताय? रविवारी रिकामीच करायचीत की,” कार्यवाह जयराज दारातूनच म्हणाला.

अंजनाने कुलूप लावलंच, वर सवयीने एकदा ओढूनही पाहिलं. औंधच्या रस्त्यावरच्या त्या गावातल्या वाचनालयात ती बावीस वर्षं ग्रंथपाल होती आणि कुलूप ओढून पाहिल्याशिवाय एकदाही घरी गेली नव्हती.

जयराज वाईट मुलगा नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण अशा गोष्टींत तरुण कार्यवाह आला की आपण लगेच त्याच्यावर डोळे वटारतो. गावातली तीस-बत्तीस मुलं जिन्याच्या पायऱ्यांवर बसून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होती. त्यांना अभ्यासिका हवी होती आणि अभ्यासिकेला जागा. म्हणून मंडळाने नियम केला. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारीखपट्टीवर गेल्या पाच वर्षांत पाचपेक्षा कमी तारखा असतील, तर ते पुस्तक निर्लेखित करायचं. म्हणजे दाखल नोंदवहीतून त्याचं नाव कायमचं काटायचं. जयराजने स्वतः बसून पट्ट्या मोजल्या. चारशे बारा पुस्तकं नापास झाली आणि त्यातली बहुतेक कथा-कादंबऱ्यांच्या त्या दोन कपाटांतली होती.

“ही वाचली जातात रे,” अंजना म्हणाली.

“कोण वाचतं? पट्टीवर दोन तारखा, तीन तारखा. पुरावा दाखवा ताई, मी स्वतः यादीतून काढतो. पण रविवारच्या बैठकीत. सोमवारी यादी साताऱ्याला जिल्हा कार्यालयात जाणार.”

पुरावा म्हटल्यावर अंजनाला एकविसावं पान आठवलं.

वरच्या आळीत अकरा बायका वाचणाऱ्या होत्या. पदराआड तोंड लपवून प्रौढ साक्षरतेच्या वर्गाला बसलेल्या, अक्षर एकत्रच गिरवलेल्या. सभासद मात्र एकटी क्रांती, बनुबाईची सून. बाकीच्यांना वाचनालयाची पायरी चढायची लाज वाटे. क्रांतीने नेलेलं पुस्तक दुधाच्या किटलीबरोबर या घरातून त्या घरात फिरायचं आणि दोन-अडीच महिन्यांनी, कडेला हळदीचा डाग घेऊन, परत यायचं. अकरा जणींची मिळून तारीख पडायची एकच. आपण हे वाचलंय हे पुढे ध्यानात यावं म्हणून प्रत्येकीने एकविसाव्या पानावर आपली खूण करायची, हा त्यांचा रिवाज. बनुबाईचा विळा, कुणाचं तुळशीपान, मनुबाईची सुई. एकवीसच का, तर गणपतीला दूर्वा एकवीस म्हणून.

अंजनाला त्या खुणांची चीड होती. वाचनालयाचं पुस्तक म्हणजे काय घरची भिंत आहे? दर मार्चमध्ये पुस्तकांची पडताळणी करताना ती खोडरबर घेऊन बसे आणि प्रत्येक एकविसावं पान साफ करी. बावीस वर्षं तिने हे नेमाने केलं. पुरावा होता, तो तिने स्वतःच्या हाताने पुसला होता. आपल्या टापटिपीचा तिला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

शनिवारी दुपारी ती वरच्या आळीला गेली. बनुबाई ओसरीवर मटकी निवडत होती. अंजनाने सगळं सांगितलं, खोडरबरासकट.

“तुमी खोडत हुता व्हय!” बनुबाईने सूप खाली ठेवलं. “आन आमी म्हनतोय, झुरळं खात्यात का काय शिसपेन्शील! आवं, पुस्तक दुसऱ्यांदा घरी आलं की खूण न्हाई. मग बसायचं वाचत. निम्म्यात आल्यावर कळायचं, ही बया तर हिरीत उडी घेनार हाय! लय डाव फसलो आमी.”

अंजनाला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. “चुकलंच माझं. पण आता कपाटंच चाललीत. उद्या अकराला तुम्ही सगळ्या वाचनालयात या.”

“आमी? गडीमान्सांच्या मीटिंगीत?”

“हो. अकराही जणी.”

“धा,” बनुबाई म्हणाली. “मनुबाई गेली की चैतात.”

अंजनाला ते माहीत होतं. अकरा हा आकडा तिच्या तोंडात बसला होता, एवढंच. तिने सुपातली मटकी उगाच सारखी केली. मग म्हणाली, “कपाटं गेली तर किटलीबरोबर काय फिरवणार, मावशी?”

बनुबाईने मटकीतला एक खडा उचलून अंगणात भिरकावला. “येतो. बघू कोन उठीवतंय.”

नुसती माणसं जमवून भागणार नव्हतं. जागा तर लागणारच होती. अंजना संध्याकाळपर्यंत रॅकच्या मागे मांडी घालून बसली आणि तिने स्वतःची यादी केली. महाराष्ट्राचे जिल्हे पस्तीस सांगणारी गाइडं, अभ्यासक्रम केव्हाच बदललेले प्रश्नसंच, एकेकाच्या सहा-सहा प्रती. यांच्या पट्ट्या तारखांनी गच्च भरलेल्या, त्यामुळे जयराजच्या नियमात सगळी पास. चुकीचं शिकवणारं पुस्तक कितीही वेळा घरी गेलं, तरी त्याला कपाटात ठेवायचं नसतं, एवढं तिला बावीस वर्षांत कळलं होतं.

रविवारी अकराला दहा जणी आल्या. खुर्च्या दिल्या तर कुणी बसेना. सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या. अध्यक्ष लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, त्यांना बघून मिशीवरून हात फिरवत राहिले.

अंजनाने जयराजच्या यादीतलं एकेक पुस्तक प्रत्येकीच्या हातात दिलं. “हे सगळं यांनी वाचलंय, क्रांतीच्या एकेका तारखेवर अकरा जणींनी. एकविसाव्या पानावर खुणा करायच्या.”

जयराजने बनुबाईच्या पुस्तकाचं ते पान उघडलं. कोरं. “कुठायत?”

“मी खोडल्या,” अंजना म्हणाली. “बावीस वर्षं. चूक माझी आहे. शिक्षा पुस्तकांना नको.”

बनुबाईने चष्मा न लावताच बोटाने पान चाचपलं. “हितं हाय की माजा इळा.”

जयराजने पुस्तक खिडकीशी नेऊन तिरपं धरलं. शिसपेन्सिल गेली होती, पण कागद दबलेला होता. मोठेपणी गिरवायला शिकलेल्या हातांनी लावलेला जोर. तो कुठल्या खोडरबराने जाणार? तो बोट ठेवत मोजायला लागला. विळा, तुळशीपान, तीन टिकल्या. अकरापर्यंत आला. मग दुसरं पुस्तक घेतलं, तिसरं घेतलं. पाचव्यानंतर त्याने मोजणं सोडलं.

“एका तारखंला अकरा मान्सं,” लालासाहेब म्हणाले. “गड्या, तुजं गनित कच्चं हाय रं!”

अंजनाने आपली यादी पुढे सरकवली. “मुलांना जागा हवीच. ही काढा. खुणा नाहीत अशा कादंबऱ्याही काढा, मी सही करते. शिवाय माझं टेबल बाहेर जिन्याखाली ठेवा. मला तिथून दार दिसतं.”

जयराजने यादी वाचली. “यातलं एक वाचून मी पूर्वपरीक्षा पास झालो होतो,” तो जरा रुसूनच म्हणाला, पण त्याने तिथेच सही केली.

दोन्ही कपाटं राहिली. मंडळी चहाला उठल्यावर अंजनाने खणातून शिसपेन्सिल काढली, जिच्यावर ती इतकी वर्षं खार खाऊन होती, आणि बनुबाईपुढे धरली. “घ्या. एकविसाव्या पानावर.”

बनुबाईने आपला विळा पुन्हा गिरवला. पुस्तक हातोहात फिरलं, दहा खुणा पुन्हा उमटल्या आणि ते तिच्याकडे परत आलं. कोपऱ्यात एक सुई तेवढी उरली होती, बारीक, नुसती दबलेली.

“तिची तुम्ही गिरवा,” अंजना हळूच म्हणाली.

बनुबाईने त्या जागेवर अंगठा ठेवला आणि तसाच थोडा वेळ राहू दिला. “नगं,” ती म्हणाली. “तिची हाय तिथं.”

तिने पेन्सिल परत दिली आणि पुस्तक शेजारणीकडे सरकवलं. तिनेही आधी तिथे अंगठा ठेवला, मग पुढे दिलं.