गवत, सावल्या आणि डावा डोळा

या जगात फुकट काहीच मिळत नाही. एक सुख घ्यायचं तर दुसरं सोडावं लागतं, आणि माणसाचं सगळं शहाणपण काय सोडायचं हे ठरवण्यात असतं. हे वाक्य मी बावीस वर्षं अर्थशास्त्राच्या पहिल्या तासाला गंभीर चेहऱ्याने सांगत आलो आहे. मुलं ते उतरवून घेतात आणि परीक्षेत उलटं लिहितात. मला स्वतःला ते वापरायची वेळ एकदाच आली. तेव्हा मी गवत सोडलं, आणि त्यापायी माझे वडील आंधळे होता होता राहिले. निदान त्यांच्या मते.

बाबांनी चौतीस वर्षं बस चालवली. डेपोत त्यांना ‘टायमिंग’ म्हणत. त्यांची बस बघून लोक घड्याळं लावायचे असं ते सांगतात. आई म्हणते, लोकांना तेवढाच उद्योग होता. निवृत्तीनंतर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरला, स्कूटर बंद झाली, आणि ते खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांच्या चुका मोठ्याने काढू लागले. शेजाऱ्यांशी संबंध टिकावेत म्हणून मी त्यांना बस चालवण्याचा कॉम्प्युटर गेम आणून दिला. मुलगी कॉलेजसाठी बाहेरगावी जाताना आपला जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेली होती. इस्त्रीच्या टेबलाला स्टिअरिंग आवळलं, खाली पेडल ठेवली, आणि मागच्या खोलीचा डेपो झाला.

गेममध्ये रूट पुष्कळ होते. बाबांनी एकच घेतला, चाळीस किलोमीटरचा, आणि वर्षभर तोच चालवला. दोन पूल, एक सिमेंटचा कारखाना, डोंगरातली चौदा वळणं. त्यातलं झाडन् झाड त्यांना पाठ झालं होतं.

शेजारी एक रेघांची वही असे. डेपोतली ही पद्धत. गाडी पुढच्या ड्रायव्हरच्या ताब्यात देताना तिच्यात काय बिघडलंय आणि आपण काय बदललंय ते वहीत लिहायचं, खाली सही करायची. नुसता आरसा बोटभर हलवला तरी लिहायचं. “न सांगता आरसा हलवलास, तर पुढच्या माणसाला मारलंस,” असं ते म्हणत. आमच्या मागच्या खोलीत पुढचा माणूस कुणी नव्हता. तरी ते रोज लिहायचे.

वर्षभर एकच तक्रार त्या वहीत पुन्हा पुन्हा येत होती : “वळण नं. ९ ला गाडी अडखळते. क्लच?” क्लच नव्हता. गेम बसवताना मी चित्रांच्या सगळ्या सेटिंग सर्वांत वर नेऊन ठेवल्या होत्या, पैसे भरलेत तर सगळं दिसू दे म्हणून. जुन्या कॉम्प्युटरला ते ओझं पेलत नव्हतं. वळण आलं की त्याची दमछाक व्हायची, पडदा थिजायचा आणि बस दरीत जायची. प्रवासी चित्रातले होते म्हणून बरं.

मग डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी पंधरा दिवस पडद्यासमोर बसायला बंदी केली. तेवढ्यात मी वळण नंबर नऊचा निकाल लावायचं ठरवलं. कोपऱ्यात आकडा दिसत होता, सेकंदाला किती चित्रं निघतात त्याचा. अठरा. गवत काढलं, चोवीस झाला. सावल्या काढल्या, सदतीस. लांबचं दृश्य आखडतं घेतलं, म्हणजे झाडं आणि पाट्या अगदी जवळ आल्यावरच उगवायच्या, तेव्हा आकडा साठावर गेला. वळण नंबर नऊवरून बस लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मी खूश झालो. वर्गातला धडा घरात लागू पडला होता.

वही कीबोर्डशेजारीच होती. मी लिहिलं नाही. लिहायचं म्हणजे वर्षभर तुमची बस माझ्यामुळे दरीत जात होती हे कबूल करणं आलं. शिवाय बिघाडाच्या वहीत स्वतःचं नाव हौसेनं घालणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पंधरा दिवसांनी बाबा नव्या डोळ्यानिशी स्टिअरिंगवर बसले. आम्ही सगळे मागे उभे. नवव्या वळणावरून बस अलगद गेली तेव्हा मी शाबासकीच्या तयारीत होतो. पण पुलापलीकडे गेल्यावर त्यांनी बस बाजूला घेतली.

“इथे निलगिरीची रांग होती ना रे?”

“असेल,” मी म्हणालो.

त्या ‘असेल’चं पाप पुढचं सगळं महाभारत घडवून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून वहीत बसऐवजी डोळ्याच्या नोंदी येऊ लागल्या. “डावा डोळा : पाट्या अंगावर आल्यावर दिसतात.” “डावा डोळा : रस्त्याकडेला नुसता हिरवा रंग. गवत नाही.” “डावा डोळा : सावल्या गेल्या.” नव्या डोळ्याने जास्त दिसेल अशी त्यांची अपेक्षा होती, आणि दिसत होतं ते आधीपेक्षा कमी. आईनं विचारलं की बाहेर रस्त्यावर कसं दिसतं. त्यावर ते म्हणाले, आपल्या गल्लीत लांब काही आहेच कुठे, आणि बाहेरची झाडं कुठे कुठे होती ते कुणाला पाठ आहे? रूटवरची पाठ आहेत. बिनतोड मुद्दा होता. मी चहाचा कप धुवायला गेलो, जे काम मी एरवी करत नाही.

डॉक्टरीणबाईंकडे बाबांनी तक्त्यावरच्या सगळ्या ओळी वाचल्या. शेवटच्या ओळीखाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. डोळा उत्तम आहे, काका, असं बाई म्हणाल्या. बाबांनी मान हलवली.

“जवळचं ठीक आहे हो. रूटवर झाडं आयत्या वेळी उभी राहतात.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “हे अजून गाडी चालवतात?”

या वयात गेम खेळतो हे सांगायची बाबांना लाज. माझी लाज वेगळी. बापलेक एकाच खेळापायी खाली मान घालून बसलो होतो. बाईंनी आम्हा दोघांना मिळून रागावलं, गाडी सक्त बंद असं लिहून दिलं, आणि डोळ्याच्या पडद्याची मोठी तपासणी करायला सांगितली. निघताना मला एकट्याला थांबवून म्हणाल्या की उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू फार पिकलाय, तीन आठवड्यांनंतरची तारीख चुकवू नका. आणखी थांबलात तर तो डोळा हाती लागेल याची खात्री मी देणार नाही.

घरी येताना बाबांनी निकाल दिला. उजव्याला हात लावायचा नाही. डावा दिला तो असा परत आला. आता उजव्यात जे काही उरलंय ते उरू दे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायला मी काही प्रोफेसर नाही.

बायकोला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आत जा आणि सांगून टाका. पाच मिनिटांचं काम आहे.” मला ते पटलं. त्या पाच मिनिटांना पुढे अठरा दिवस लागले.

कारण मला त्याहून सोपी युक्ती सुचली होती. सुशिक्षित माणसाला खरं बोलण्याआधी नेहमी काहीतरी सोपं सुचतं. बाबांची आंघोळ रोज बारा मिनिटांची, घड्याळ लावून. त्या बारा मिनिटांत मी मागच्या खोलीत जाऊन लांबचं दृश्य थोडंसं वाढवायचो. पहिल्या दिवशी निलगिरी परत आणली. वहीत आलं : “निलगिरी दिसली. अंधुक.” दोन दिवसांनी पाट्या. मग रस्त्याकडेला थोडं गवत. आई दिवसातून चार वेळा गजर लावून थेंब घालत होती, तिला वाटलं थेंब लागू पडले. तिनं डॉक्टरीणबाईंना फोन करून आशीर्वाद दिला. बाबाही सैलावले. उजव्या डोळ्याचं विचारलं तर ‘नाही’च्या जागी ‘बघू’ म्हणू लागले. बायको माझ्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही, हे तिचं सर्वांत कडक बोलणं.

इथे थांबायला हवं होतं. पण मला हाव सुटली. तारीख जवळ आली होती, ‘बघू’चं ‘हो’ व्हायला हवं होतं, म्हणून एका सकाळी मी सावल्या, प्रतिबिंबं, सगळं एकदम वर नेलं. कोपऱ्यातला आकडा घसरून पुन्हा अठरावर आला.

त्या दिवशीची नोंद अशी होती : “वळण नं. ९ : जग थांबतं, मग एकदम पुढे जातं. गाडी पूर्वी अडखळायची ती नीट झाली होती. म्हणजे हे गाडीचं नाही. डोळ्याचंही नाही. डोक्याचं.”

जेवताना ते मधेच डोळे मिटून नाकाला बोट लावून बघू लागले. आपण बोलताना शब्द गाळतो का, हे मोजायला त्यांनी आईला बसवलं. उजव्या डोळ्याची तारीख रद्द करायला सांगितली. “डोकंच चाललंय, तर डोळा कुणासाठी करायचा?”

म्हणजे मी डोळा सुधारला की मेंदू बिघडत होता, आणि मेंदू वाचवला की डोळा जात होता. कॉलेजात स्टाफरूममध्ये बसून मी एका कोऱ्या कागदावर आडव्या रेषेवर डोळा आणि उभ्या रेषेवर मेंदू घेऊन वक्ररेषा काढली. फळ्यावर काढतो तशीच सुबक आली. मधला बिंदूही सापडला. शेजारच्या इतिहासवाल्यानं हे काय म्हणून विचारलं, तर वडिलांची तब्येत असं सांगितलं. तो हळहळला.

त्या बिंदूवर बाबांना नेऊन ठेवायला मी घरी लवकर आलो. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आत बाबा फोनवर बोलत होते, डेपोतल्या त्यांच्या जुन्या कंडक्टरशी. निवृत्त मंडळी वर्षातून एकदा जमतात, त्यासाठी तो बोलवत असावा. बाबा म्हणाले, या वर्षी माझं धरू नका. रस्ता ओलांडायचा भरवसा नाही राहिला आता. गाडी वीस मिनिटं उशिरा आहे, असं कंट्रोलला कळवावं तितक्या कोरड्या आवाजात.

मी आत गेलो.

“बाबा, तुमचा डोळा चांगला आहे. डोकंही चांगलं आहे.”

“तू कधीपासून डॉक्टर झालास?”

“झाडं मी काढली होती.”

मी कॉम्प्युटर लावला, सेटिंगचं पान उघडलं, आणि पुलापलीकडची निलगिरी घालवून दाखवली. परत आणून दाखवली. त्यांनी माउस माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः चार वेळा घालवली आणि आणली.

“कधी केलंस?”

“तुम्हाला बंदी होती तेव्हा.”

“मी निलगिरीचं विचारलं तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“बाईंसमोर बसलो होतो तेव्हा.”

“तेव्हाही.”

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. लिही म्हणाले. तारीख त्यांनीच सांगितली. नाव पूर्ण लिही, हुद्द्यासकट. मी लिहिलं : सहयोगी प्राध्यापक, अर्थशास्त्र. त्यांनी वाचून बघितलं. डेपोत दहावी नापास लोक होते, म्हणाले, पण आरसा हलवला की सांगायचे.

मला वाटलं एवढ्यावर सुटलो. उठत होतो, तेव्हा ते माझ्याकडे न बघता बोलले.

“तुम्ही सगळे बाहेर गेलात की मी डोळे मिटून घरात चालून बघत होतो. सवय असावी म्हणून. या खुर्चीपासून संडासापर्यंत सतरा पावलं आहेत.”

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी डोळे मिटून मोजली. नवव्या पावलाला माझा गुडघा कपाटावर आपटला. त्यांनी ते कपाट कितव्या दिवशी चुकवायला शिकून घेतलं असेल, याचा हिशेब मी अजून करत असतो.

पुढे तीन दिवस ते माझ्याशी आईमार्फत बोलले. त्याच काळात त्यांनी सेटिंगचं पान एकट्याने उघडलं आणि दहा मिनिटांत काम संपवलं. लांबची झाडं आणि पाट्या पूर्ण. आरसे पूर्ण. सावल्या बंद, गवत बंद. गाडी नवव्या वळणावर अडखळत नव्हती. आईमार्फत मला कळवण्यात आलं की ड्रायव्हरला दिसायला हवं ते दिसलं की पुरे, गवत प्रवाशांनी बघावं. मी पहिल्या दिवशी त्यांना नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. अकरा मिनिटं लागली. डॉक्टरीणबाईंना बाबांनी स्वतः सगळं सांगितलं, गेमसकट, आणि माझ्याबद्दल बोलताना ‘आमचे चिरंजीव’ असा शब्द वापरला. बाई हसल्या नाहीत. पडद्याच्या मोठ्या तपासणीचा कागद त्यांनी फाडून टाकला आणि मला म्हणाल्या, तुम्ही शिकवता ना कुठेतरी?

पंधरा दिवसांनी बाबा दोन्ही डोळे घेऊन स्टिअरिंगवर बसले. पहिल्या पुलापर्यंत गेले. मग बस थांबवली, पडद्याजवळ तोंड नेऊन निलगिरीकडे बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले की हे सगळं रंगवलेलं आहे. चपला घालून फिरायला गेले. त्यानंतर ते त्या खोलीत बसलेले नाहीत.

कॉम्प्युटर आता आई वापरते. ती त्यावर पत्ते खेळते.