रांजण गेला, उंबरा राहिला

कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेत रंगाऱ्यांच्या घरी त्या दिवशीही सकाळ रोजच्यासारखीच झाली. चिमणाबाईने पंचगंगेवर कोरी लुगडी धुतली, ओले पिळे डोक्यावरून आणले आणि परसातल्या रंगखान्याच्या उंबऱ्याबाहेर ठेवले. आत जायची तिला बंदी होती.

चार वर्षांपूर्वी, ऐन पौषात, तिचा नवरा ज्ञानू तापाने गेला. त्याच आठवड्यात नीळ आंबवायचा रांजण नासला. थंडी मरणाची होती, आणि रांजणाला ऊब द्यायची शुद्ध घरात कुणालाच नव्हती. पण थंडीला दोष देऊन कुणाचं समाधान होतं? रांजण म्हणजे जिवंत दैवत, त्याला विधवेची सावली सोसत नाही, ही रंगाऱ्यांची जुनी समजूत. सासू झुंबरबाईने सुनेला बाहेर काढलं. स्वतः झुंबरबाईही नवरा गेल्यापासून, म्हणजे आज अठरा वर्षं, त्या उंबऱ्याच्या आत गेली नव्हती. ज्ञानू असताना जी बाई वासावरून रांजणाची तब्येत ओळखायची, ती नुसती धुणी धुणारी झाली.

पुढे एकोणीसशे बावन्न साली धाकटा दीर सयाजीने रांजण मोडीत काढला आणि डब्यातला विलायती रंग आणला. उकळतं पाणी, भुकटी, मीठ, की झालं काम! ना आंबवणं, ना नैवेद्य. चिमणाबाईला वाटलं, आता बंदी उठेल. कसची उठते! आपल्या लोकांना भुकटी विलायती चालते, सावली मात्र आजोबांच्या वेळचीच लागते.

दुपारी पेठ वडगावचे कापडवाले बाळासो आपली निळी लुगडी न्यायला आले. पहिलंच लुगडं उलगडलं आणि त्यांचा आवाज चढला.

"सयाजी, ह्ये लुगडं हाय व्हय? कबरं वासरू दिसतंय की! कुठं गडद, कुठं फिक्कं. लगीनसराईत ह्ये कोन घेणार?"

सयाजीचं तोंड उतरलं. मग त्याने नेहमीची वाट धरली.

"काय करायचं पावणं, आमच्या घरात पांढरं कपाळ हाय. पडली आसंल सावली." आणि वळून म्हणाला, "वैनी, लई झालं. उद्याच्या यष्टीनं चंदगडला भावाकडं जायाचं. परत यायचं न्हाय."

चंदगडला जायचं म्हणजे भावजयीच्या तुकड्यावर जन्म काढायचा, आणि रंगाचा वाससुद्धा पुन्हा मिळायचा नाही. पण भीतीहून संताप मोठा होता.

"भावजी, पान्यात काय काय घातलं?"

"काय म्हंजे? भुकटी, मीठ, आन् आपला गूळ-चुना."

"गूळ-चुना कशाला?"

"कशाला म्हंजे? आज्ज्यापास्नं घालतोय की!"

"आज्जा रांजणातली नीळ आंबवायला घालत हुता. डब्याबरोबरचा कागद तुम्ही फेकला, म्या उचलून वाचलाय. त्यात चुन्याचं नाव न्हाय. चुन्यानं ह्यो रंग फुटतोय, दुधागत."

ती रंगखान्याकडे निघाली. सयाजी आडवा आला.

"उंबरा वलांडलास तर बघ!"

"तर काय हुईल? रांजण नासंल? हाय कुठं रांजण?"

ती त्याच्या बाजूने आत गेली. तिने चूल पेटवली, धुतलेल्या पातेल्यात पाणी उकळलं, भुकटी नि मीठ घातलं आणि बाहेरचा एक पिळा आत सोडून काठीने ढवळला. दारातून येणाऱ्या उन्हाकडे पाठ करून ती मुद्दाम वाकली, तेव्हा तिची सावली अख्ख्या पातेल्यावर पडली. तासाभराने लुगडं वर आलं, ते काठापासून काठापर्यंत एकसारखं निळंभोर.

"ह्याला म्हंत्यात रंग!" बाळासो म्हणाले.

"रंग कसाबी येऊ दे," सयाजी गुरगुरला. "रीत ती रीत. उद्या यष्टी!"

इतका वेळ झुंबरबाई परसाच्या कोपऱ्यात बसून सगळं बघत होती. ती उठून उंबऱ्यापाशी आली.

"चिमणे, तुझं मामंजी गेलं तवाबी रांजण नासला हुता."

"कुठल्या म्हयन्यात गेलं, आत्याबाई?"

"पौषात."

"ह्येबी पौषातच गेलं, आत्याबाई. दोन्ही येळा थंडीनं रांजण नासला," चिमणाबाई म्हणाली. म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. स्वतःची अठरा वर्षं आणि सुनेची चार तिने पौषातल्या थंडीपायी जाळली होती. तिने पदराने डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि उंबरा ओलांडून सुनेच्या हातातली काठी घेतली.

"आई!" सयाजी ओरडला.

"यष्टीनं कुनी जायाचं न्हाय," पातेलं ढवळत झुंबरबाई म्हणाली. "आन् भायेर हुबा काय हाईस? ऱ्हायल्यालं पिळं आन आत."