इरुपगुड्याचे शून्य

मी आरोग्य-पाहणीची एक जुनी वही आहे. तांबडी कापडी बांधणी, आखलेली पानं, आणि आता पाठीला लागलेली वाळवी. नाकं मुरडू नका मित्रांनो, एके काळी मोठ्या साहेबांनी मला शाबासकी दिली होती.

एकोणीसशे पंचावन्न साली चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, छापखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी अहेरीला आले, कंपाउंडर लटारूभाऊंच्या पिशवीत. हिवतापानं मुलांच्या पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजते. गावोगावी मुलांची पोटं चाचपायची आणि सुजलेली किती, ते माझ्यात लिहायचं. ज्या गावाचा आकडा मोठा, तिथं आधी गोळ्या आणि डासांच्या औषधाची फवारणी. लटारूभाऊंचं अक्षर सुरेख. माझ्यावर एक डाग नव्हता आणि मला त्याचा भारी तोरा होता.

आम्ही इरुपगुड्याला पोचलो, तर वेशीवर गवताची दोरी ताणलेली. त्या दिवशी गाव बांधलं होतं. रोगराई आत शिरू नये म्हणून पूजा करतात, तेव्हा दिवसभर दोरी कुणीच ओलांडायची नसते. गावचा पुजारी पोचू राखण करत उभा होता.

"उद्या या ना, भाऊ," तो म्हणाला.

"उद्या मले दुसरं गाव हाय."

पूजेआधीच गुरं घेऊन निघालेली अकरा पोरं बाहेर रानात होती. सगळी धडधाकट. आजारी पोरं कशाला गुरांमागं जातील? लटारूभाऊंनी त्या अकरांचीच पोटं चाचपली आणि लिहिलं, 'मुले अकरा, सूज शून्य.' खाली दुहेरी रेघ ओढून सही ठोकली.

तेवढ्यात सोमारी नावाची बाई दोरीपाशी धावत आली. कडेवर चार वर्षांची मंगली, तापानं फणफणलेली.

"भाऊ, माही पोरगी लिव ना! आत अशी लय पोरं हायेत!"

"बाहेर आन, मंग पाहतो."

पोचू ओरडला, पण सोमारीनं दोरी ओलांडली. लटारूभाऊंनी मंगलीचं पोट चाचपलं. ते दगडासारखं घट्ट होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बेरीज झाली ना, बाई. आता खाडाखोड केली त साहेब रागावते."

आणि मला काय वाटलं, सांगू? मला हायसं वाटलं. मला मेलीला लाज कशी नाही वाटली!

अहेरीला परतल्यावर मोठे साहेब म्हणाले, "वा, किती स्वच्छ वही!" फवारणीची गाडी दुसऱ्या गावांना गेली.

वर्षानं आम्ही परत आलो. मंगली गेली होती, तिच्यामागं आणखी सहा पोरं. दोरी ओलांडून रोग आत आणल्याचा ठपका सोमारीवर ठेवून गाव जमलं होतं आणि मधे ती मान खाली घालून बसली होती.

पोचूनं विचारलं, "भाऊ, हिनं दोरी ओलांडली त्या दिवशी गावात रोग होता का नाई? वहीत पाहून सांगा."

लटारूभाऊंनी मला उघडलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, खरं सांगा हो!

"शून्य हाय," ते म्हणाले.

सोमारीनं मान वर केली. "शून्य?" तिनं विचारलं. "म्हंजे मीच आनला रोग?"

तिनं आपलं पाण्याचं गाडगं उचललं आणि गाव सोडून एकटी रानाकडे निघून गेली.

मित्रांनो, तुमच्या हाती कधी अशी वही आली, तर तिला खुशाल खाडाखोडीनं भरा. माझं ते पान वाळवीनंही अजून खाल्लेलं नाही. त्यावर अजून शून्यच आहे.