पौनीकर, जिजाबाई

दुसऱ्यांदाही फोन लाँड्रीतच लागला. अंजनाबाईंनी तो तोडला आणि पुन्हा भिवापूरच्या बाईची लाइन घेतली.

नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजात चौकशीच्या टेबलावर त्यांची अठरा वर्षं गेली होती. लोकांनी नाव सांगायचं, त्यांनी नंबर सांगायचा. स्वतः नंबर लावून द्यायचा नाही, हा नियम. आज तो त्यांनी मोडला होता.

भिवापूरच्या पोस्टातून सिंधूताई बोलत होती. तिचा नवरा सकाळच्या मोटारीनं नागपूरला, महाल भागात बहिणीकडे आला होता. पिशवीत त्यानं खोकल्याच्या औषधाची म्हणून जी बाटली घातली, तिच्यात मिरचीवर फवारायचं विष होतं. खरं औषध घरीच राहिलं होतं. बहिणीच्या शेजारी गोपाळराव पौनीकरांचं किराणा दुकान आहे, तिथे फोन आहे, एवढंच तिनं सांगितलं.

"एक वाजता जेवतात आमचे हे," ती म्हणाली. "जेवण झालं का दवाई घेतात."

बारा पस्तीस झाले होते.

दोनदा तीच लाँड्री, म्हणजे तारांचा घोटाळा नव्हता. पुस्तकातला नंबरच शिळा होता. अंजनाबाईंनी बदललेल्या नंबरांच्या, दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चाळल्या. गोपाळरावांची एकही नव्हती. पुस्तकात एकट्या महालातले पौनीकर चौदा. एकेकाला विचारत बसलं तर एक वाजून जाणार. तेवढ्यात सुपरवायझर भैय्याजी पाठीशी येऊन उभे राहिले आणि लाइन का अडवली म्हणून विचारू लागले. अंजनाबाईंनी मागे पाहिलंसुद्धा नाही.

"ताई, रडू नका. दुकानात गल्ल्यावर कोण बसते?"

"त्याची माय. सारं तिच्याच नावावर हाये म्हणतात."

"नाव काय तिचं?"

लाइन खरखरली. मग ऐकू आलं, "जिजाबाई."

पौनीकर, जिजाबाई. महाल. पानाच्या तळाशी होतं.

सहाव्या घंटेला म्हातारीनं फोन उचलला. निरोप ऐकला आणि रिसीव्हर तसाच टाकून ती धावली. मागे गिऱ्हाइकांची कुजबुज तेवढी ऐकू येत राहिली. बारा अठ्ठेचाळीस. बारा त्रेपन्न. दुसऱ्या लाइनवर सिंधूताईचा नुसता श्वास. भैय्याजीही आता घड्याळाकडे पाहू लागले होते.

"पाहुणा आज लवकरच जेवला. हात धुवून बाटली हालवून राहिला होता," म्हातारी धापा टाकत म्हणाली. "हातातून हिसकली मी. माह्याजवळ हाये आता."

अंजनाबाईंनी तेच शब्द भिवापूरला सांगितले. तिकडे एक हुंदका फुटला आणि लाइन तुटली.

चार वाजता भैय्याजींनी कोरा कागद पुढे ठेवला. नियम मोडल्याचं लेखी कारण हवं होतं. वरून विचारणा झाली होती, त्यांचाही इलाज नव्हता. अंजनाबाईंनी आधी दुरुस्तीची चिठ्ठी लिहिली. मग कागदावर लिहिलं : 'फोन दुसऱ्या नावावर होता. शोधत होते.' खाली सही केली. त्या दोन वाक्यांनी त्यांची बढती दोन वर्षं लांबवली, पण ते पुढचं.

टेबलावरचा नव्या फोनचा दिवा लागला. कुणाला तरी रेल्वे स्टेशनचा नंबर हवा होता. अंजनाबाईंनी तो पुस्तक न उघडता सांगितला, आणि पलीकडचा माणूस लिहून घेतोय म्हणून पुन्हा एकदा, सावकाश सांगितला.