धुऊन मऊ झालेला सदरा

टर्र्र... कापड फाटल्याचा आवाज आला आणि दुपारभर गप्प असलेलं घर दचकलं. चिमी झोपेत चुळबुळली. तिला थोपटत असलेली तिची आई उठली आणि तडक पुढच्या खोलीत आली.

तिच्या सासूबाई शिवणकाम करणाऱ्या. लढाई सुरू झाली, चर्चमधली बाकं हलवून तिथे जखमींच्या खाटा लागल्या, तेव्हापासून त्यांचं मशीन झाकलेलंच होतं. जुन्या कपड्यांच्या पट्ट्या करायच्या, उकळायच्या, वाळवून गुंडाळायच्या. कडेला कात्रीचा एक चावा, पुढचं हाताने फाडायचं, म्हणजे पट्टी सरळ निघते. आणि दर पट्टीला एकच वाक्य: "प्रभू, ही ज्याला बांधतील त्याला आराम दे."

"नाव न घेताच?" सुनेने एकदा विचारलं होतं.

"पत्ता त्याला ठाऊक आहे. मी नुसती पाठवते."

सकाळी नर्सबाई सांगून गेल्या होत्या, "एकाची पाठ भाजलीय. जाड कापड चिकटतं, काढताना फार ओरडतो बिचारा. मऊ सुती काही असलं तर बघा. पण आधीच सांगते, कैद्यांच्या खोलीतला आहे. तिकडचा, शत्रूकडचा."

"कातडी काय, इकडची-तिकडची सारखीच भाजते," सासूबाई म्हणाल्या होत्या.

तसं कापड घरात एकच होतं. सुनेच्या उशीखालचा, धुऊन धुऊन सायीसारखा झालेला, लढाईवर गेलेल्या नवऱ्याचा सदरा. सात महिने त्याचं पत्र नव्हतं. तिकडे पकडला गेलाय, असं कुणी कुणी म्हणे. तो गेल्यापासून तिने सदरा पाण्याला लावला नव्हता. वास जाईल म्हणून. सासूबाईंना सगळं माहीत होतं, पण त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

मग आत्ता फाटलं काय? तिने वाकून कापड पाहिलं आणि ओळखलं.

"आई! हा तर तुम्ही स्वतःच्या दफनासाठी शिवून ठेवलेला झगा!"

"त्याला काय होतंय? देवाघरचा शिंपी माझ्यापेक्षा बरा असेल." हसत हसत त्या पट्टी दोन्ही हातांनी चोळत होत्या, गालाला लावून बघत होत्या. कोरं कापड, काही केल्या मऊ होईना. "दोनदा उकळू. तीनदा. होईल."

सून बघत उभी राहिली. मग आत गेली. बाहेर आली तेव्हा सदरा तिच्या छातीशी होता.

"पोरी, मी मागितलेला नाही हो."

"माहितेय. म्हणून तर देतेय. कात्री द्या."

कडेला चावा तिनेच घेतला. पुढे हात चालेना. सासूबाईंनी दुसरं टोक हलकेच धरलं. "प्रभू, ही ज्याला बांधतील..." त्या म्हणाल्या, आणि उरलेलं वाक्य सुनेने कसंबसं पुरं केलं. शेवटी सासूबाईंनी कॉलर तेवढी कापून तिच्या हातात ठेवली. "जाड आहे ही. पट्टीच्या कामाची नाही."

डोळे चोळत चिमी दारात आली. "बाबांचा सदरा का फाडला?"

"एका काकांची पाठ भाजलीय गं. ते तिकडचे आहेत, पण त्यांना मऊच लागतं."

चिमीने एक पट्टी उचलून गालाला लावली, थेट आजीसारखी.

"आई, तिकडे बाबांना लागलं असलं तर? तिकडच्या आजीकडे आहे का गं मऊ सदरा?"